उंदराला विचारलं, पिंजऱ्याला नाही

व्यसन हा शब्द मुळात राजाचा. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाची अठरा व्यसनं मोजून दिली आहेत. कामातून उपजणारी दहा, क्रोधातून उपजणारी आठ. शिकार, जुगार, दिवसाची झोप, बायका, दारू, नाचगाणं. म्हणजे व्यसन लागायला आधी बुडाखाली गादी पाहिजे. आमच्या बापजाद्यांना व्यसन नव्हतं. ते प्यायचे ती त्यांची जात होती. राजा प्याला तर मंत्र्यानं सावरायचा, आमचा प्याला तर ‘ही असलीच’. हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जळाला. त्यातली वाटणी काही जळाली नाही. तिनं कपडे बदलले. आज ती पांढरा कोट घालून आमच्या वस्तीत येते आणि पडद्यावर मेंदूचं रंगीत चित्र लावते.

परवा समाजमंदिरात एक डॉक्टर येऊन गेले. मेंदूत लाल कुठं, पिवळं कुठं ते काठीनं दाखवलं. म्हणाले, व्यसन हा मेंदूचा आजार आहे, माणसाचा दोष नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांना बरं वाटलं. का वाटू नये? पिढ्यान्पिढ्या शिव्याच ऐकल्यात. पण मला त्या टाळ्यांचा हिशेब करायचा आहे. हा आजार पहिल्यांदा कुणी म्हटला, कुणाला म्हटला, आणि त्याच वेळी कुणाला नाही म्हटला?

मी डॉक्टर नाही. सूतगिरणीत रिंगखात्यात साइडर आहे. तुटलेला धागा जोडतो. दहावीनंतर जे वाचलं ते रात्रपाळी सुटल्यावर, मांडीवर डिक्शनरी घेऊन. हे शास्त्र बहुतेक अमेरिकेत घडलं, काही युरोपात. आपल्याकडं तयार माल येतो. म्हणून माल कुठल्या खात्यात विणला गेला ते बघायला तिकडंच जावं लागतं.

तर बेंजामिन रश. फिलाडेल्फियाचा डॉक्टर, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा, गुलामगिरीच्या विरोधातला. भला माणूस. १७८४ च्या सुमारास त्यानं पुस्तिका काढली की सतत दारू पिणं हा रोग आहे. व्यसनाच्या शास्त्राचा इतिहास बहुतेक लोक इथून सुरू करतात. पण त्याचा रोग कडक दारूचा होता, जी स्वस्त मिळते. वाइन आणि बिअर त्याला चालत होती. आणि हाच भला माणूस १७९२ ला विद्वानांच्या सभेत निबंध वाचतो की काळ्या लोकांचा काळा रंग हा कुष्ठाचा प्रकार आहे. रंग बरा करायचा त्याला! तिरस्कारानं नाही, दयेनं. दोस्तहो, दयाळू डॉक्टरला मी जास्त भितो. तिरस्कार करणारा निदान दारातून आत येत नाही.

पुढं १८०४ ला ट्रॉटर नावाच्या इंग्रज आरमारी डॉक्टरनं दारूबाजीला मनाचा रोग म्हटलं. १८४९ ला स्वीडनच्या माग्नुस हुसनं ‘अल्कोहोलिझम’ हा शब्द घडवला. फ्रॉइडसाहेबांनी १८८४ ला कोकेनची तारीफ लिहिली, मॉर्फिनवर अडकलेल्या मित्राला त्यावर उतारा म्हणून कोकेन दिलं, आणि मित्र कोकेनवर अडकला. मन उलगडणाऱ्यांचा बाप हा. असो.

खरी गंमत अफूत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत अफू-मॉर्फिनवर अडकलेलं माणूस म्हणजे बहुतेक करून मध्यमवयीन, खात्यापित्या घरची गोरी बाई. डॉक्टरनंच सुई लावलेली. तिला कुणी गुन्हेगार म्हणालं नाही. ती आजारी. तीच अफू चिनी मजुरानं चिलमीत ओढली तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोनं १८७५ ला अफूच्या अड्ड्यांवर बंदी घातली. रेल्वेचे रूळ टाकून झाले होते, मजूर आता जास्त झाले होते. आणि ८ फेब्रुवारी १९१४ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक डॉक्टर लिहितो की कोकेन घेतलेल्या काळ्या माणसाला साधी गोळी लागून भागत नाही, म्हणून दक्षिणेतले पोलीस मोठ्या गोळीची पिस्तुलं घेतायत. डॉक्टर लिहितो हं, फौजदार नाही. त्याच वर्षी हॅरिसन कायदा आला. १९१९ ला त्यांच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नुसती लत भागवायला डॉक्टरनं अफू लिहून द्यायची नाही. गोऱ्या बाईची पिढी म्हातारी होऊन मेली. उरले ते शहरातले गरीब. आणि बघा, शास्त्र लगेच बदललं. १९२५ ला लॉरेन्स कोल्ब या सरकारी डॉक्टरनं मांडलं की लत लागणाऱ्यांत बहुतेकांचा स्वभावच मुळात बिघडलेला असतो. कालपर्यंत सुईनं माणूस बिघडायचा. आता बिघडलेला माणूस सुई शोधत येतो.

कोल्बच १९३५ ला केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या ‘नार्कोटिक फार्म’चा पहिला प्रमुख झाला. अर्धं इस्पितळ, अर्धा तुरुंग, भोवती शेती. आपणहून येणारेही असत, पण कैदी खूप. जाझ वाजवणारे मोठमोठे काळे कलावंत तिथं आत होते. आणि आत प्रयोगशाळा होती. ज्या कैद्यानं अंगावर प्रयोग करून घेतला त्याला मजुरी म्हणून काय? ज्यासाठी आत टाकला तेच ड्रग. पाहिजे तर आज घे, पाहिजे तर खात्यावर जमा ठेव. आमच्या गिरणीत ओव्हरटाइम जमा ठेवतात तसं. १९५० च्या दशकात हॅरिस इस्बेल या डॉक्टरनं तिथं सात जणांना सलग ७७ दिवस एलएसडी दिलं. पैसा सीआयएचा. हे पुढं १९७५ च्या संसदीय चौकशीत उघड बोललं गेलं, आणि कैद्यांवरचे प्रयोग बंद पडले.

याच काळात दुसरीकडं दारूला मात्र पुन्हा इज्जत आली. १९३५ लाच अमेरिकेत एका शेअर दलालानं आणि एका सर्जननं मिळून अल्कोहोलिक्स अनॉनिमस काढली. मी तिची टिंगल करणार नाही, त्या बैठकांनी माणसं वाचली आहेत. पण शास्त्र बघा. जेलिनेक नावाच्या अभ्यासकानं १९४६ ला दारूच्या रोगाच्या पायऱ्या मांडल्या. कशावरून? या संघटनेच्या मासिकातून वाटलेल्या फॉर्मवरून. १५८ आले, ९८ धरले. बायकांचे बाजूला काढले. त्या ९८ पुरुषांच्या आयुष्यातून जगभरच्या दारुड्याचा नकाशा निघाला आणि भिंतीभिंतीवर लागला. १९५६ ला तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं दारूबाजीला आजार म्हणून मान्यता दिली. सर्जनला दारू लागली, आजार झाला. हार्लेममधल्या पोराला हेरॉइन लागली, तो लेक्सिंग्टनला.

आता उंदीर. १९५४ ला ओल्ड्स आणि मिल्नर यांनी कॅनडात उंदराच्या मेंदूत तार घातली. दांडी दाबली की मेंदूत करंट. उंदीर पुढं तासाला शेकडो-हजारो वेळा दांडी दाबताना दिसले. १९६२ ला वीक्सनं उंदराच्या शिरेत नळी बसवली. दांडी दाबली की मॉर्फिन. उंदीर दाबत राहिला. निष्कर्ष : औषधच असं आहे की समोर आलं की जीव त्याचा गुलाम. यावर व्हँकुव्हरजवळच्या ब्रूस अलेक्झांडरला साधा प्रश्न पडला. दहाबाय दहाच्या खोलीत वाढलेल्या कुणालाही पडला असता. हा उंदीर एकटा, जाळीच्या डब्यात, ना जोडीदार, ना पळायला जागा. तो दांडी दाबणार नाही तर काय करणार? त्यानं नेहमीच्या पिंजऱ्याच्या दोनशेपट जागा केली, भुसा टाकला, डबे ठेवले, नर-मादी एकत्र सोडले. १९७८ पासून निकाल छापले. मोकळ्या जागेतले उंदीर मॉर्फिनचं पाणी कितीतरी कमी पीत होते. इतरांनी नंतर हे करून पाहिलं, कधी तसंच आलं, कधी नाही आलं. म्हणून मी त्याचा झेंडा करत नाही. पण पंचवीस वर्षं उंदराला विचारत बसले आणि पिंजऱ्याला कुणी विचारलं नाही, ही गोष्ट त्या प्रयोगाशिवायही उरतेच.

माणसावरचा पुरावा त्याआधीच आला होता. व्हिएतनामात अमेरिकेचे शिपाई हेरॉइनवर. साधारण पाचातल्या एकाला लत. सरकार घाबरलं, ही पोरं घरी आली की काय होणार? ली रॉबिन्स या बाईंनी परतलेल्यांना गाठून विचारलं, लघवी तपासली. तिकडं लत असलेल्यांपैकी घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा लतीत गेले ते जेमतेम ५ टक्के. हे १९७४ ला छापून आलं तेव्हा अनेकांना खरंच वाटेना. जंगल सुटलं, मरण सुटलं, नशा सुटली. आता मला सांगा, ज्याचं जंगल सुटत नाही त्याचं काय?

पण शास्त्राला तेव्हा कवटीच्या आत नवी खाण सापडली होती. १९७३ ला पर्ट आणि स्नायडर यांनी मेंदूत अफू जिथं बसते त्या जागा दाखवल्या. १९७५ ला ॲबर्डीनच्या ह्यूजेस आणि कोस्टर्लिट्झ यांना मेंदूनं स्वतःच बनवलेली अफू सापडली. मग डोपामीन आलं. १९९७ ला ॲलन लेश्नर या सरकारी संस्थेच्या प्रमुखानं ‘सायन्स’मध्ये लिहिलं की व्यसन हा मेंदूचा रोग आहे. समाजमंदिरातल्या डॉक्टरांचं वाक्य तिथून आलं.

मी हे खोटं म्हणत नाही. नीट ऐका, कारण आपल्यातले काही हुशार लगेच ओरडतील की हा शास्त्राविरुद्ध बोलतो. मला त्यातलं एक तर इतकं पटलं की त्या दिवशी फ्रेमवर धागे तुटत होते आणि मी तेच मनात घोळवत होतो. १९९३ ला रॉबिन्सन आणि बेरिज यांनी सांगितलं की ‘हवं असणं’ आणि ‘आवडणं’ ही मेंदूत दोन वेगळी कामं आहेत. डोपामीन हवं असण्याचं. नशा करून करून हवं असणं वाढत जातं, आवडणं मात्र वाढत नाही. म्हणून माणूस शिव्या देत पितो, ओकत पितो, रडत पितो. आमच्या आया हे कधीपासून सांगतायत, ‘त्याला ती आता गोड लागत नाही, तरी जातो.’ त्यांना कुणी विचारलं नाही एवढंच.

माझं भांडण दुसरंच आहे. मेंदूचा रोग म्हटलं की इतिहास संपला, गल्ली संपली, काम संपलं, जात संपली. उरतं एक लालपिवळं चित्र. आणि ते चित्रही सगळ्यांना सारखं लागू होत नाही. १९८६ ला अमेरिकेत कायदा झाला : ५ ग्रॅम क्रॅक विकायला म्हणून जवळ सापडला तर पाच वर्षं, भुकटीचं कोकेन असेल तर तेवढ्याच शिक्षेला ५०० ग्रॅम लागे. माल एकच. क्रॅकवर धरले जात ते बहुतेक काळे, भुकटी ओढणारे गोरे साहेब. एकास शंभर! २०१० ला हे प्रमाण एकास अठरा केलं आणि त्याला न्याय म्हणाले. मेंदू एकच ना? मग पाचशे ग्रॅमवाल्याचा मेंदू जास्त आजारी का नाही? पुढं १९९६ ला पर्ड्यू कंपनीनं ऑक्सिकॉन्टिन ही गोळी बाजारात आणली, ती धोकादायक नाही असं डॉक्टरांना पटवलं, २००७ ला आणि पुन्हा २०२० ला कोर्टात गुन्हा कबूल केला. या वेळी गोऱ्यांच्या गावांत मढी पडली. आणि एकदम सगळ्या पुढाऱ्यांच्या तोंडी उपचार, सहानुभूती, आजार.

कार्ल हार्ट हा मायामीच्या गरीब वस्तीतून आलेला काळा शास्त्रज्ञ. कोलंबिया विद्यापीठात त्यानं क्रॅक ओढणाऱ्यांना दाखल करून रोज निवड दिली, हे ड्रग घे नाहीतर पाच डॉलर घे. मात्रा लहान असली की पुष्कळदा ते पैसे घेत. वीस डॉलर ठेवले तेव्हा सगळ्यांनी पैसेच घेतले. म्हणजे गुलाम झालेला म्हणतात तो मेंदू हिशेब करत होता. हातात दुसरं काही दिलं की तो हिशेब करतो.

आपण १९७२ ला काळ्या पँथरचं नाव घेतलं. त्यांच्या इतिहासातलं एक पान आपल्या सभांत मी कधी ऐकलं नाही. १० नोव्हेंबर १९७० ला न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधल्या लिंकन हॉस्पिटलचा एक भाग यंग लॉर्ड्सच्या पोर्तोरिकन पोरांनी आणि पँथरवाल्यांनी ताब्यात घेतला आणि हेरॉइन सोडवण्याचा दवाखाना सुरू केला. आधी मेथाडोन देऊन, मग कानात सुया टोचून. आणि त्याच खोलीत वर्ग चालत : ही पुडी आपल्या गल्लीत कुठून आली, तिचा नफा कुणाच्या खिशात जातो, घर कुणी पाडलं, काम कुणी घालवलं. अंगातली थरथर आणि डोक्यातला प्रश्न एकाच बाकावर. १९७८ ला पोलीस आले आणि त्यांना बाहेर काढलं. सुया ठेवल्या, वर्ग बंद केले. कानातल्या सुया आज पुष्कळ ठिकाणी टोचतात.

आता आपल्या घरातलं बोलतो. माझा चुलता नगरपालिकेत सफाई कामगार होता. गटारात उतरायचा. चड्डीवर, दोर कमरेला. उतरण्याआधी नवटाक मारल्याशिवाय आत जाता येत नाही, हे त्याला मुकादमानंच पहिल्या दिवशी शिकवलं. २०१३ चा कायदा म्हणतो असं कुणाला उतरवायचं नाही. कायदा वर असतो, झाकण खाली. वीस वर्षं तो प्याला. मग एका १४ ऑक्टोबरला विहारात उभा राहिला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, मी दारू पिणार नाही. आणि खरंच थेंब शिवला नाही. दुसऱ्या रात्री हात कापायला लागले. तिसऱ्या दिवशी भिंतीवर लाल मुंग्या दिसायला लागल्या, त्या तो बोटानं वेचायचा. चुलती म्हणाली, बाहेरचं लागलं. आमचे कार्यकर्ते म्हणाले, नाटक करतोय, प्यायला निमित्त पाहिजे. सरकारी दवाखान्यात नेला तर तिथला माणूस म्हणाला, ‘बेवडा हाय, बाहेर व्हरांड्यात टाका, उतरल.’ उतरायला चढली कुठं होती? चार दिवसांत गेला.

लेक्सिंग्टन परत आठवा. १९५५ ला त्याच इस्बेलनं दहा कैद्यांना आठवडेच्या आठवडे भरपूर दारू पाजली, नीट खाऊ घातलं, जीवनसत्त्वं दिली आणि एकदम बंद केली. काहींना झटके आले, काहींना भास झाले. तोवर डॉक्टरांत वाद होता की हे उपासमारीनं होतं का आणखी कशानं. सिद्ध झालं की दारू अचानक तोडल्यानं होतं. हे भास कंप १८१३ पासून पुस्तकात आहेत. त्यावरची गोळी, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० पासून बाजारात आहे. बरोबर थायमिनची सुई. महाग काही नाही. म्हणजे जे ज्ञान तुरुंगातल्या माणसांच्या अंगावर मिळवलं ते साठ वर्षांत जग फिरून आलं, मोठ्या पदव्या घेऊन आलं, पण आमच्या गावच्या व्हरांड्यापर्यंत आलं नाही. पडद्यावर मेंदू दाखवायला प्रोजेक्टर येतो. गोळी येत नाही.

म्हणून मी दोघांशी भांडतो. डॉक्टरांशी, आणि आपल्या शपथा मोजणाऱ्यांशीही. बाबासाहेबांनी १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला विरोध केला आणि १९५६ ला नागपुरात दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. काहींना हे उलटसुलट वाटतं. मला सरळ वाटतं. पोलिसाचा दंडा वेगळा, माणसानं स्वतःला दिलेला शब्द वेगळा. १९४९ च्या दारूबंदी कायद्यात पैसेवाल्याला तब्येतीसाठी परवाना निघत होता आणि हातभट्टीवाल्या बाईची भांडी फुटत होती. विदेशी दारूच्या परवान्यावर आजही कारण आरोग्य राखण्याचंच असतं. साहेब आरोग्यासाठी पितो! अशा राज्यात प्रतिज्ञा ही आपली एकच गोष्ट आहे की जी कुणाच्या परवान्यावर चालत नाही. ती देणाऱ्याला मरू देऊ नका. ज्या विहारात प्रतिज्ञा घेता तिथं त्या दिवशी टेबल टाका, डॉक्टर बसवा, कोण किती वर्षं पितो ते विचारा, गोळ्या द्या, पुढचे पाच दिवस रात्री जागायला पोरांच्या पाळ्या लावा. आमच्या खात्यात पाळ्या लावायला आम्हाला येतात.

समाजमंदिरातले डॉक्टर जाताना म्हणाले, व्यसनात ४० ते ६० टक्के वाटा आनुवंशिक असतो. असेल. माझ्या चुलतभावाला लाड-पागे समितीच्या वारसाहक्कानं बापाच्या जागी नोकरी लागली. बावीस वर्षांचा आहे, सुपारीसुद्धा खात नव्हता. कमरेला दोर तोच. मागच्या पावसाळ्यात स्टेशनरोडचं गटार तुंबलं तेव्हा मुकादमानं त्याला झाकणाजवळ उभा केला आणि खिशातनं बाटली काढून दिली.